तोलोगोनचा दुसरा पंप

तोलोगोनचा पहिला पंप अकरा सेकंद चालला. फार झकास चालला म्हणतात. मी तिथं नव्हतो.

त्याच्या ट्रॅक्टरवर दोन बॅटऱ्या आहेत, बारा-बारा व्होल्टच्या. त्या एकीला एक जोडून चोवीस होतात, कारण स्टार्टरला चोवीस लागतात. डिझेलचा पंप मात्र बाराचा. तोलोगोनने एक चिमटा या बॅटरीच्या टोकाला लावला, दुसरा त्या बॅटरीच्या टोकाला, आणि पंपाला चोवीस पाजले. बाराव्या सेकंदाला धूर निघाला. या गावच्या शाळेत मी चौतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं आणि तोलोगोन माझ्याच वर्गात तीन वर्षं बसला होता. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

दुसरा पंप त्याच्या बायकोने, झुराने, स्वतः तलासच्या बाजारातून आणला. आणला तो थेट कपाटात ठेवून कुलूप लावलं, आणि किल्ली मुठीत धरून माझ्या दारात आली.

"अगाय," ती म्हणाली. आमच्याकडे मास्तरला अगाय म्हणतात, आणि मास्तर एकदा अगाय झाला की मरेपर्यंत अगायच राहतो. "अगाय, तेवढा पंप तुम्ही येऊन जोडून द्या. ह्यांच्या हातात दिला तर या वेळी ट्रॅक्टर पण जाळतील."

"त्याला म्हणावं, वर्गात लक्ष दिलं असतंस तर ही वेळ आली नसती."

"रोज म्हणते. तुम्ही कधी येताय?"

झुराला पंपाची एवढी घाई का होती, तेही सांगायला हवं. आमच्याकडे पिंपातलं डिझेल ट्रॅक्टरमध्ये जातं ते माणसाच्या तोंडाच्या मदतीने. पिंप ट्रॉलीवर चढवायचं, नळीचं एक टोक आत सोडायचं, दुसरं तोंडात धरून दम खेचायचा, आणि डिझेल दातांपर्यंत आलं की चटकन नळी टाकीत घालायची. ज्याचा अंदाज चांगला तो थुंकतो, ज्याचा वाईट तो गिळतो. गेल्या वसंतात तोलोगोन असाच खेचत असताना मी काहीतरी विनोद केला, तो हसला, आणि डिझेल छातीत गेलं. सतरा दिवस तो दवाखान्यात होता. सुटताना डॉक्टर म्हणाला, फुप्फुसाचा एक कोपरा गेला तो गेला, पुन्हा एक घोट आत गेला तर मला नाही, मुल्लाला बोलवा. तेव्हापासून मी त्याच्या अंगणात फारसा बोलत नव्हतो.

आता माझ्या डोळ्यांचं. दोन वर्षं झाली होती, दोन्ही डोळ्यांत कुणी पातळ दूध ओतावं तसं झालं होतं. माणूस दिसायचा, चेहरा दिसायचा नाही. लाल, काळा, तपकिरी, सगळ्यांचा मिळून एकच रंग झाला होता, उकळून उकळून जुन्या झालेल्या चहाचा. गावाचे रस्ते पायांना पाठ होते, माणसं आवाजावरून आणि बुटांवरून कळायची, म्हणून निभत होतं. मी कोणालाही सांगितलं नव्हतं. अळीमिळी गुपचिळी.

सांगितलं नव्हतं ते एमिलमुळे. एमिल माझा मुलगा. तो राजधानीत, बिश्केकमध्ये, चौथ्या मजल्यावर राहतो आणि दर शुक्रवारी फोनवर माझं तोंड बघतो. तीन वर्षांपूर्वी त्याने त्याच्या आईला 'एवढा हिवाळाभर' म्हणून तिकडे नेलं. मार्चमध्ये तिला परत आणलं आणि आमच्या टेकडीवर पुरलं. एमिलचा त्यात काही दोष नाही, त्याने सगळे डॉक्टर केले. पण त्या चौथ्या मजल्याबद्दल माझ्या मनात जे बसलं ते बसलं. तिथे गेलेला माणूस आपल्या पायांनी परत येत नाही, असं मला वाटायचं. शास्त्र शिकवलेल्या माणसाला असं वाटू नये. पण वाटायचं.

त्यात गेल्या शरदात मी कालचोरोच्या कुंपणापाशी उभ्या असलेल्या एका बोकडाची तब्येत विचारली. चांगली आस्थेने विचारली, घरच्यांचीही चौकशी केली. कोणीतरी ते बिश्केकला कळवलं. एमिल फोनवर म्हणाला, "आता, तुला दिसत नाही." आमच्याकडे बापाला आता म्हणतात. मी म्हणालो, संध्याकाळची वेळ होती. तो म्हणाला, "ठीक आहे. पण पुढची चूक कानावर आली की मी गाडी घेऊन येतो, गाय विकतो, घराला कुलूप लावतो आणि तुला घेऊन जातो. मग हुज्जत घालायची नाही." मी कबूल केलं. एमिल माझ्यावर गेलाय, बोलेल ते करतो.

तर अशा परिस्थितीत मी बुधवारी सकाळी पंप जोडायला गेलो.

अंगणात बघ्यांची जत्रा होती. सात माणसं मी बुटांवरून मोजली, त्यातली सहा माझे विद्यार्थी. सातवा कालचोरो, बोकडवाला, माझ्याच वयाचा, जन्मभर मेंढरांमागे हिंडलेला. झुराने ताटावर नान आणि साय मांडून चहा ओतला. ट्रॅक्टरच्या टाकीत आदल्या दिवशीचं चाळीसेक लिटर डिझेल होतं, ट्रॉलीवरच्या पिंपात शंभर. झुराच्या शेताला पाणी देऊन तीन दिवस झाले होते आणि त्या दिवशी घेवडा पेरला नाही तर ओल उडणार होती.

"अगाय, आपण सांगाल तसं," तोलोगोन म्हणाला.

"सांगतो. पंप बाराचा आहे, म्हणून एकाच बॅटरीवरून बारा घ्यायचे. दोन्हींवरून नाही. का नाही?"

 एकाने खोकून वेळ मारून नेली.

"तोलोगोन, तू सांग. तुला अनुभव आहे."

"धूर येतो, अगाय."

"बस खाली."

तो उभाच होता, पण बसला.

मग मी पद्धतशीर काम केलं. इंजिन बंद. प्लसच्या तारेत पंधरा अँपिअरचा फ्यूज, म्हणजे काही अडलं तर दमडीचा फ्यूज जळेल, पंप नाही. तारा आखूड होत्या, पण मी लांब करू दिल्या नाहीत, ट्रॉलीच पुढे ओढायला लावली, कारण बारीक तार लांब केली की व्होल्ट वाटेतच सांडतात. नळीचं एक टोक पिंपाच्या तळाशी, दुसरं ट्रॅक्टरच्या टाकीच्या तळाशी, म्हणजे फेस होत नाही. बॅटरीची प्लसची खिटी, म्हणजे वर आलेलं टोक, मी बोटांनी चाचपून ओळखली. प्लसची खिटी मायनसपेक्षा किंचित जाड असते. हे डोळे असलेल्यांना माहीत नसतं, त्यांना गरजच पडत नाही. माझ्या मागे कौतुकाची कुजबुज झाली. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

राहिले पंपाचे चिमटे. डाव्या हातात एक, उजव्या हातात एक. दोन्ही सारखे, दोन्ही जुन्या चहाच्या रंगाचे. "तोलोगोन, यातला लाल कोणता?" एवढंच विचारायचं होतं. पण तिथे सात तोंडं होती आणि सात खिशांत सात फोन. मी विचारलं नाही. उजव्या हातातला चिमटा जाड खिटीवर लावला, डाव्यातला बारीक खिटीवर. आयुष्यभर पोरांना बजावत आलो की अंदाज म्हणजे शास्त्र नव्हे.

पंप सुरू झाला. आवाज गोड होता. पिंपात एकदा गुडगुड झाली आणि थांबली.

"नळीतली हवा निघाली," मी म्हणालो.

कोणी काही बोललं नाही. मला वाटलं, थक्क झालेत. मग मी त्यांना पंपाची रचना समजावून दिली. आत पाती कशी फिरतात, एका बाजूने कसं ओढतात, दुसऱ्या बाजूने कसं ढकलतात. इतकं मन लावून ऐकणारा वर्ग मला चौतीस वर्षांत मिळाला नव्हता. कोणी हललं नाही, कोणी चहाचा घोट घेतला नाही.

मध्येच कालचोरो मला नावाने हाक मारून म्हणाला, "सागिन, ते पिंप भरत चाललंय का रे?"

"तुला मेंढरांतलं कळतं तेवढं बघ."

"मेंढरंसुद्धा पितात तेव्हा पाणी कमी होतं, वाढत नाही."

"कालचोरो, मी शिकवतोय."

 मी पुढे शिकवलं. तेवढ्यात पिंपात परत गुडगुड सुरू झाली आणि या वेळी ती थांबेना. मोठमोठे बुडबुडे, हंडा उकळावा तसे. पिंपात हवा जात होती. पिंपात हवा जाते म्हणजे ती ट्रॅक्टरच्या टाकीतून येते. टाकीतून हवा येते म्हणजे टाकीत डिझेल उरलेलं नाही. तारा उलट जोडल्या की असला पंप उलटा फिरतो, जिथे ढकलायचं तिथून ओढतो. हे मी दहावीला शिकवायचो. 

तोलोगोनने हलकेच चिमटा काढला. गुडगुड थांबली.

"पंपच खराब आहे," तो म्हणाला.

"हल्लीचा माल असाच," दुसरा कोणी म्हणाला.

"अगायनी अगदी बरोबर जोडला होता," तिसरा म्हणाला. "पंपालाच कळलं नाही."

सगळ्यांनी होकार दिला. मी वाचलो होतो. खरं सांगतो, मला आनंद झाला. गाय वाचली, घर वाचलं, टेकडी वाचली. मी नानचा तुकडा तोडून तोंडात टाकला.

"मग आता?" झुराने विचारलं.

"आता काय, तोंड आहेच," तोलोगोन म्हणाला. "आज पेरायलाच पाहिजे." त्याने पंपातून नळी उपसली, तिचं टोक बाहीला पुसलं.

"नका ना हो," झुरा म्हणाली. एवढंच म्हणाली, पण तिचा आवाज मला दिसला म्हटलं तरी चालेल.

"एकदाच. हळू ओढतो. कोणी हसवू नका म्हणजे झालं."

दम खेचण्याआधी माणूस छाती रिकामी करतो. तोलोगोनने श्वास सोडला आणि त्या श्वासात, अगदी शेवटी, एक बारीक शिटी वाजली. गेलेल्या कोपऱ्यातून ती येत होती. बाकीच्यांना ती ऐकू आली का माहीत नाही. 

"थांब," मी ओरडलो. "नळी खाली ठेव. पंप चांगला आहे. तारा मी उलट्या जोडल्या. मला लाल आणि काळा वेगळे दिसत नाहीत. मला तुझं तोंडसुद्धा दिसत नाही. दोन वर्षं झाली."

नळी खाली पडल्याचा आवाज आला. 

"आम्ही बघितलं होतं, अगाय," तोलोगोन अगदी हळू आवाजात म्हणाला.

"काय बघितलं होतंस?"

"काळा चिमटा जाड खिटीवर लागला ते."

"कधी?"

"लागला तेव्हाच."

"आणि तुम्ही? तुम्ही सगळ्यांनी?"

बूट चुळबुळले. सहाच्या सहा जोड.

मग माझं डोकं फिरलं. "अरे गाढवांनो!" मी म्हणालो. "दहा मिनिटं! दहा मिनिटं चाळीस लिटर डिझेल उलटं गेलं आणि तुम्ही मख्खासारखे बघत उभे राहिलात? चौतीस वर्षं घसा कोरडा केला मी, प्लस तो प्लस, मायनस तो मायनस! देव जरी उलटा जोडायला लागला तरी त्याचा हात धरा म्हणून सांगितलं नाही का? तोंडाला काय झालं होतं तुमच्या?"

"तुम्हाला कसं सांगणार, अगाय," कोणीतरी पुटपुटलं.

"जिभेने!"

"अगाय," झुरा म्हणाली. ती माझी विद्यार्थिनी नाही, पलीकडच्या खोऱ्यातून सून म्हणून आलेली, म्हणून तिचा आवाज चढू शकला. "आठवीत ह्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. फळ्यावरचं गणित चुकलंय म्हणून, हात वर करून. तुम्ही ह्यांना आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलंत. डिसेंबरात. हे आजही झोपेत 'माफ करा अगाय' म्हणतात."

"झुरा, पुरे," तोलोगोन म्हणाला.

मला ते आठवत होतं. तीन रोधांची जोडणी होती आणि मी बेरजेत घोळ घातला होता. तो हात वर करून उभा राहिला तेव्हाच मला माझी चूक दिसली होती. डोळे तेव्हा चांगले होते. मी फळा पुसला आणि त्याला बाहेर काढला, आणि उरलेली सव्वीस पोरं त्या दिवशी भौतिकशास्त्रातला जो नियम शिकली तो त्यांनी आजवर मोडला नव्हता. मला लाज वाटली. इतकी लाज मला बोकडाच्या वेळीही वाटली नव्हती.

"तोलोगोन," मी म्हणालो, "तू बरोबर होतास. मला तेव्हाच कळलं होतं. आता म्हण, 'अगाय, तुम्ही चुकलात.'"

"कशाला, अगाय..."

"म्हण."

"अगाय, तुमचं जरा..."

"जरा नाही. पूर्ण म्हण."

त्याने घसा खाकरला. एकदा झुराकडे वळला, एकदा पिंपाकडे. "अगाय," तो म्हणाला, "तुम्ही चुकलात," आणि मटकन ट्रॉलीच्या दांडीवर बसला. कालचोरोने त्याला चहा दिला.

मग त्याने नळी परत पंपाला जोडली, लाल चिमटा माझ्या उजव्या हातात दिला, "लाल" असं मोठ्याने सांगितलं, मी जाड खिटीवर लावला. पंप फिरला. डिझेल पिंपातून टाकीत जायला लागलं, आणि झुरा टाकीच्या तोंडाशी उभी राहून लिटर मोजत होती की रडत होती, ते मला कळलं नाही.

टाकी अर्धी भरली नसेल, तोवर तोलोगोनचा फोन वाजला. बिश्केक. आमच्या गावात बातमी डिझेलपेक्षा लवकर पोचते, आणि तिला कुठला फ्यूज नसतो. तोलोगोनने फोन मोठ्या आवाजावर ठेवून माझ्यापुढे धरला.

"आता," एमिल म्हणाला, "व्हिडिओ बघितला मी."

"कोणी पाठवला?"

"चार जणांनी. शनिवारी येतोय. कपडे बांधून ठेव. गायीला गिऱ्हाईक बघितलंय मी."

मी कबूल केलेलं होतं. म्हणालो, "बरं." माझा आवाज नीट निघाला असेल अशी आशा आहे. पंप चालू होता, कोणाला नीट ऐकू गेलं नसेल.

तोलोगोनने फोन माझ्यासमोरून काढून स्वतःच्या तोंडापाशी नेला. एमिल त्याच्याहून पाच वर्षांनी मोठा, शहरात मोठ्या हुद्द्यावर, आणि तोलोगोनने आजवर त्याच्यापुढे 'हो बाइके' याखेरीज दुसरा शब्द काढलेला मी ऐकला नव्हता. बाइके म्हणजे थोरला भाऊ.

"बाइके," तो म्हणाला, "तुम्ही चुकताय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"काय म्हणालास?"

"चुकताय म्हणालो. गाय विकायची नाही. गाय झुरा बघेल. डोळे बरे करायला न्या, जरूर न्या, डॉक्टर काय सांगेल ते करा. पण मग परत आणून सोडायचं. इथे, ह्याच अंगणात. पंधरा दिवसांत आणलं नाहीत, तर मी ट्रॅक्टर घेऊन येईन. घाट चढायला दोन दिवस लागतील मला, पण येईन. तुमच्या इमारतीखाली उभा राहून हॉर्न वाजवीन."

 "तोलोगोन, तूच बोलतोयस ना?" एमिलने विचारलं.

"हो बाइके," तोलोगोन म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. मी काठी उचलली आणि घराकडे वळलो. मनात म्हटलं, एमिल आता विचार करेल, विचार करता करता उन्हाळा निघून जाईल, आणि दिसत नाही तर नाही, बोटं आहेत.

"अगाय."

मी थांबलो. तो माझ्या मागे येऊन उभा होता. त्या श्वासातली शिटी मला आता अगदी जवळून ऐकू येत होती.

"तुम्हीपण चुकताय," तो म्हणाला. "घाबरून घरी बसायचं नाही. शनिवारी जायचं."

शनिवारी मी गेलो.